गळती वर, इलाज खाली

पित्ताशय काढल्यावर दोन-चार दिवसांत पोट फुगतं, दुखतं, ड्रेनच्या पिशवीत हिरवट-पिवळं पित्त उतरू लागतं. सर्जन म्हणतात, ‘लीक आहे, ईआरसीपी करून स्टेंट टाकू,’ म्हणजे तोंडातून दुर्बीण उतरवून पित्तनलिकेत बारीक नळी बसवू. नातेवाईक चक्रावतात. गळती यकृताजवळ, मग नळी आतड्याच्या तोंडाशी कशाला?

याच्या उत्तराचं मूळ १८८७ सालच्या पेरुजियात आहे. रुग्गेरो ओद्दी तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता. पित्ताशय काढलेल्या कुत्र्यांच्या पित्तनलिका फुगलेल्या पाहून त्याने तर्क केला, की खाली काहीतरी पित्त अडवून धरत असणार. शोधल्यावर सापडलं ते नलिका आतड्यात उघडते तिथलं स्नायूंचं कडं. इंग्लंडच्या ग्लिसनने १६५४मध्येच तिथले तंतू नोंदले होते, पण नाव लागलं ओद्दीचं, आणि माझ्या मते ते योग्यच: तंतू पाहणं वेगळं, त्यांचं काम ओळखणं वेगळं.

माणसाचं पित्ताशय पहिल्यांदा काढलं कार्ल लांगेनबुखने, बर्लिनमध्ये, १५ जुलै १८८२ रोजी. गळतीची एक वाट तर त्याआधीच कागदावर आली होती: यकृत आणि पित्ताशय यांच्यामधल्या बारीक नलिका. ट्युबिंगेनच्या लुश्काने त्या १८६३मध्ये वर्णिल्या. पित्ताशय सोलताना यातली एखादी कापली जाते आणि झिरपत राहते. त्याहून नेहमीची वाट म्हणजे पित्ताशयाच्या नलिकेचं क्लिप लावलेलं टोक.

पण त्या काळी इलाज म्हणजे पोट पुन्हा उघडणं. १९७४मध्ये एरलांगेनला क्लासेन आणि डेमलिंग यांनी, क्योटोला कावाई यांनी दुर्बिणीतून ओद्दीचं कडं कापलं. हेतू होता अडकलेले खडे काढण्याचा. पाच-सहा वर्षांत हांबुर्गच्या सोहेंद्रांनी त्याच वाटेने स्टेंट सरकवला, तो बंद झालेल्या नलिकांसाठी. गळतीला हे हत्यार लागू पडलं ते नंतर. पाटाचं दार उघडलं की बांधाच्या भोकातून पाणी कशाला जाईल? कड्याचा विरोध गेला की पित्त आतड्यात उतरतं, वरचं भोक कोरडं पडतं आणि आपोआप भरतं. पोटात साठलेलं पित्त मात्र वेगळं काढावं लागतं.

१९८५मध्ये ब्योब्लिंगेनच्या एरिख म्युहेने पोटावरच्या छेदातून घातलेल्या दुर्बिणीने पित्ताशय काढलं. ही पद्धत जगभर पसरली तशा नलिकांच्या इजा वाढल्या आणि स्टेंटची गरजही. मुख्य पित्तनलिकाच आरपार कापली गेली असेल, तर मात्र स्टेंट पुरत नाही, नलिका आतड्याला जोडावी लागते. साध्या गळतीत स्टेंट साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात. बरं वाटू लागल्यावर तारीख टाळणारे असतात, आणि विसरलेला प्लॅस्टिकचा स्टेंट तुंबून कावीळ-ताप घेऊन परततो.