चाळीस एकूंचे कुंडीतले झाड

जिंको या झाडाची सर्वश्रुत कुळकथा एका दमात सांगून होते. चीनमधली देवळे, तिथून जपान, १७१२मध्ये जर्मन वैद्य केंफरने छापलेले वर्णन, १७७१मध्ये लिनियसने दिलेले शास्त्रीय नाव आणि हिरोशिमाच्या बॉम्बनंतर पुन्हा पालवलेली झाडे. या कथेत कुंडी कुठेच येत नाही, आणि तिथेच गफलत होते. हे झाड घरात कुंडीत लावणे हल्लीचा शौक मानला जातो, पण फ्रान्समध्ये त्याचा प्रवेशच कुंडीतून झाला आणि तिथले त्याचे लोकनाव, ‘चाळीस एकूंचे झाड’ (एकू म्हणजे जुने फ्रेंच नाणे), त्या कुंडीच्या सौद्यातून आले, असे माझे मत आहे. १७८०च्या सुमारास पेतिन्यी नावाचा पॅरिसचा बागशौकीन लंडनच्या बागा पाहायला गेला. तिथल्या एका माळ्याकडे जपानी बियांपासून उगवलेली जिंकोची पाच रोपे एकाच कुंडीत होती. जेवणाबरोबर दारू भरपूर झाली, २५ गिनींवर सौदा ठरला आणि पेतिन्यी कुंडी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आलेला माळी एका रोपासाठी तेवढेच पैसे परत द्यायला निघाला. गिऱ्हाईक बधले नाही.

यावर दुसरे मत असे, की शरदात पिवळी होणारी पाने सोन्याच्या नाण्यांसारखी दिसतात, म्हणून हे नाव. दिसायला गोड, पण टिकत नाही. १६४१पासून फ्रान्समधला एकू चांदीचा होता. जुन्या सोन्याच्या एकूची आठवण लोकांत उरली असेल असे मानले, तरी हजारो पानांच्या झाडाला नेमके चाळीसच का? उलट इंग्लंडची गिनी साधारण २४ फ्रेंच लिव्रांची धरली, तर पाच रोपांचे ६०० लिव्र, एकाचे १२०, म्हणजे तीन लिव्रांच्या छोट्या एकूने चाळीस. हिशेब जुळतो. ब्रिटिश बागलेखक लाउडनने ही सौद्याची हकिगत १८३८मध्ये, म्हणजे अर्धशतकाहून जास्त काळाने छापली, हा आक्षेप रास्त आहे. दारूचा भाग नंतर चिकटलेला असू शकतो. पण तपशील रंगवणाऱ्याला आकडे इतके नेटके जमवायची गरज नसते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या नागभीडकरांना हे झाड अगदीच परके वाटू नये. गोंडांच्या मुलखावरून भूशास्त्रात ज्या काळाला ‘गोंडवना’ म्हणतात, त्या काळच्या भारतीय खडकांत जिंकोच्या कुळातल्या पानांचे ठसे मिळतात. नागभीडचा खडक त्याहून फार जुना असला, तरी दक्षिणेला सिरोंच्याकडे त्या काळाचे थर उघडे पडले आहेत. म्हणून आज ते इथे घरात वाढेलच असे नाही. जिंको पानझडी आहे, त्याला हिवाळ्यात खरी थंडीची झोप लागते. उबदार खोलीत बारा महिने ठेवले तर ते कुढते. चाळिशी ओलांडणाऱ्या इथल्या मे महिन्यात कुंडी तापली की मुळे भाजतात. हौस असेलच तर कुंडी दिवाणखान्यात नको, पूर्वेच्या ओसरीवर ठेवा, पाण्याचा निचरा नीट करा आणि हिवाळ्यात पाने गळली म्हणून रोप मेले समजून फेकू नका.