आर्यनायकम्, आशादेवी
नई तालीमच्या, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवणाऱ्या बुनियादी शिक्षणपद्धतीच्या अग्रणी शिक्षिका. शांतिनिकेतनात अध्यापन केलेल्या या बंगाली विदुषीने सिलोनचे तमिळ असलेले पती ई. डब्ल्यू. आर्यनायकम् यांच्यासह वर्धा ही कर्मभूमी मानली. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत मांडलेली या पद्धतीची कल्पना गांधीजींची आणि आराखडा झाकीर हुसेन समितीचा. म्हणून या दांपत्याला केवळ अंमलदार समजले जाते. हे अन्यायकारक आहे. आराखड्याने शाळा चालत नाही. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तानी तालीमी संघामार्फत वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात त्यांनी ती रोज चालवून दाखवली. कातलेल्या सुताचा चार फुटांचा एक तार, ६४० तारांची गुंडी, या हिशेबातूनच मुले गुणाकार-भागाकार शिकत.

मुलांच्या श्रमावर शाळा पोसणे ही बालमजुरीच, हा आक्षेप जुना आहे; अर्थतज्ज्ञ के. टी. शहांनी तर परिषदेतच स्वावलंबनाच्या अटीला विरोध केला होता. आर्थिक बाजूपुरता हा आक्षेप रास्तच आहे. (सरकारी बुनियादी शाळांत पुढे टकळीचा निव्वळ उपचार उरला, हेही खरे.) परंतु सेवाग्रामात सूत हे शिकवण्याचे साधन होते, पूर्वबुनियादी (शाळापूर्व) वर्गात तर स्वच्छता, आहार आणि खेळ हाच अभ्यास असे. आशादेवींचे मूल्यमापन उत्पन्नावरून न करता या अध्यापनावरून व्हायला हवे. १९५४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.