जीवेची परिक्रमा

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या मराठी शाळेत वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाला ‘जीवा’ म्हणायला शिकलेला मुलगा, वरच्या इयत्तेत त्रिकोणमिती आली म्हणजे ‘साइन’ हा शब्द परका म्हणून घोकतो. वास्तविक हे दोन्ही शब्द एकाच घरचे. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. आपल्या ज्योतिषांचे सिद्धान्त आठव्या शतकात खलिफा मन्सूराच्या बगदादेत पोहोचले, तेव्हा अरबीत तिचे ‘जीब’ झाले. आणि स्वरचिन्हांवाचून लिहिलेला तो शब्द, हिंदुस्थानीतली ‘जेब’ ज्यापासून निघाली त्या ‘जैब’सारखाच दिसत असल्यामुळे, बाराव्या शतकात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये उतरविणाऱ्या पंडितांनी त्याचा अर्थ वस्त्राचा घोळ असा लावून ‘सायनस’ हा प्रतिशब्द योजिला. दोरीचा खिसा झाला तो असा!

या चुकीला हसावे, पण त्या पंडितांना हसू नये. क्रेमोनाच्या जेरार्डने टोलेडो येथे राहून टॉलेमीचा ग्रंथ 1175 मध्ये अरबीवरून लॅटिनमध्ये आणला. इब्न सिनाचा वैद्यकग्रंथ तर युरोपातील विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत चालू होता. ख्वारिज्मीने अरबांना समजावून दिलेले आपले अंक त्याच वाटेने तिकडे गेले, तरी 1299 मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफमंडळाने आपल्या वह्यांत ते लिहिण्यास मनाई केली, रक्कम अक्षरी लिहावी असा दंडक घातला.

आमच्या दप्तराची तऱ्हा याहून विलक्षण. अंक आमचे, पण साल लिहावयाचे अरबी शब्दांनी: पानिपतच्या वेळचा मराठी कागद पाहावा, तर ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण 1161; जानेवारीतल्या त्या लढाईसाठी त्यात 600 मिळविले की इ.स. 1761 येते. हा शुहूर सन दक्षिणेत रुजला तो चौदाव्या शतकात. बहमनी वजीर महमूद गावान याने 1472 च्या सुमारास बेळगावचा किल्ला घेतला, त्याच सुमारास बीदरला त्याचा मदरसा उभा राहिला. पुढे आदिलशाहीतील असदखानाने बेळगावच्या किल्ल्यात मशीद बांधली, आणि येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या बांधकामाशीही लोक त्याचेच नाव जोडतात. ही सत्ता दाराशी आली खरी, पण विद्येचे ग्रंथ टोलेडोला गेले. आमच्या वाट्याला तारीख, हिशेब, वसूल, जमाखर्च हे शब्द आले, आणि कुळकर्ण्याने ते रुमालात बांधून असे घरचे केले की ते पाहुणे होते याचाच विसर पडला.

शुहूर सनाची एक खोड मात्र मला फार आवडते. हिजरी साल चंद्राचे, म्हणून ते ऋतूंमधून सरकत राहणार, आणि सारा तर पिकावर बसणार. म्हणून हे साल सूर्याला बांधून मृग नक्षत्रापासून धरले, त्यावरून त्याला मृगसाल असेही नाव पडले. मिरग निघाला की शिवारात भाताच्या पेरणीची धांदल उडे, आणि त्याच दिवशी दप्तरात कुळकर्णी नव्या सालाचे अरबी नाव लिही.