भूलतज्ज्ञांच्या मानचिन्हातले दोन पहारेकरी

"भूल दिल्यावर जाग येईल ना?" शस्त्रक्रियेआधी तुम्हालाही ही भीती वाटली असेल. तिचे उत्तर ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मानचिन्हात सापडते.

अशा चिन्हांत ढालीच्या दोन्ही बाजूंना बहुधा सिंह, घोडे असे प्राणी उभे असतात. इथे मात्र दोन डॉक्टर आहेत: जॉन स्नो आणि जोसेफ क्लोव्हर.

१८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांतच दगावली. औषध तेव्हा रुमालावर अंदाजाने ओतून हुंगवत. ते मोजूनच द्यावे, असा आग्रह स्नो यांनी धरला. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारे तेच. क्लोव्हर भूल देताना रुग्णाच्या नाडीवरचे बोट काढत नसत.

मोजून देणे आणि सतत लक्ष ठेवणे, सुरक्षित भुलीचा पाया आजही हाच आहे. बोटाच्या जोडीला आता मॉनिटर आला. तुमचे काम एवढेच: चालू औषधे, अ‍ॅलर्जी आणि शेवटचे कधी खाल्ले-प्यायलात, हे भूलतज्ज्ञांना खरे सांगा. तुम्ही झोपलेले असताना ते जागे असतात.