मापाची सायकल

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. शिक्षकांविषयी माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आपल्या १९७९च्या दहावीच्या तुकडीत पुष्कळ आहेत. गॅदरिंग, सहली, छड्या यांचीही वाटणी झालेली असणार. मग मागच्या बाजूचा सायकल स्टँड आठवला. त्याच्याविषयी कोणी लिहिणार नाही याची खात्री होती, म्हणून तो विषय मी घेतला. इतिहासात मला कधी चाळिसाच्या वर गुण पडले नाहीत. तेव्हा हा इतिहास सरांची क्षमा मागूनच लिहितो आहे.

पत्र्याची ती लांब शेड डोळ्यांपुढे आणा. काळ्या सायकलींच्या रांगा, एक पडली की साखळीने आडव्या होणाऱ्या. कॅरियरला दप्तर, पुढे महापालिकेच्या कराचा बिल्ला, आणि ज्याचे वडील जरा हौशी त्याला डायनॅमो. बिनदिव्याचं पकडलं म्हणून किंवा डबलसीट दिसलो म्हणून पोलिसाने चाकातली हवा सोडली नाही, असा मुलगा आपल्या वर्गात विरळाच.

त्या शेडमधल्या जवळजवळ सगळ्या सायकली एकाच साच्यातल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं. हा साचा मूळचा इंग्लंडचा. कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने १८८५ साली दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचं चाक फिरवणारी 'रोव्हर' बाजारात आणली. तीन वर्षांनी डनलॉपने हवेचा टायर काढला आणि आजची सायकल जवळपास पूर्ण झाली. रॅले, बीएसए, हंबर, हर्क्युलिस या गाड्या बोटीतून आपल्याकडे आल्या. पुढे इथे कारखाने निघाले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, सोनिपतला ॲटलास, आसनसोलला सेन-रॅले, १९५६मध्ये लुधियानाला हिरो. देश बदलला, नाव बदललं, पण साचा तोच राहिला. जड फ्रेम, अठ्ठावीस इंची चाकं, मागे झुकलेली बैठक. खराब रस्त्यासाठी आणि कॅरियरवरच्या धान्याच्या पोत्यासाठी हा साचा उत्तम. त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही, अर्धा हिंदुस्थान त्यावर बसून कामाला गेला आहे.

पण मापं मोजकी. पुरुषांसाठी बावीस आणि चोवीस इंची फ्रेम, मुलींसाठी आडवी नळी खाली उतरवलेली लेडीज. घरात एक सायकल यायची आणि ती वडील, काका, दादा आणि मग आपण अशी खाली येत जायची. ती मापाची आहे का, हा प्रश्नच कोणी विचारला नाही. आधी नळीखालून पाय घालून चालवायची, मग नळीवरून दोन्ही बाजूंना डुलत, मग कधीतरी सीटवर बसून. सायकल आपल्याला पुरत नव्हती, आपण सायकलला पुरेपर्यंत वाढायचं होतं.

आपल्या वर्गात एक मुलगी होती, तिचं नाव लिहायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे. वर्गातले ओळखतीलच. तिची उंची दहावीत चार फूट दहा इंच होती आणि आजही तेवढीच आहे. घरी भावाची बावीस इंची जेन्ट्स सायकल, तीच ती चालवायची. चालवायची झकास, पण थांबता यायचं नाही. पाय जमिनीला पोचत नसत. म्हणून ती ओटा किंवा फुटपाथचा उंच दगड बघून थांबायची. अलका टॉकीजच्या चौकात तिचा एक ठरलेला दगड होता. तो मोकळा नसला तर ती चौकातच एक गोल चक्कर मारून परत यायची. आम्ही हसायचो. ती आमच्यासाठी गंमत होती. तिच्यासाठी काय होतं, हे आम्ही विचारलं नाही.

मग पुण्यातून सायकल गेली. म्हणजे एका दिवसात नाही. लूना १९७२मध्ये आली, चेतकही त्याच वर्षी. आधी वडिलांचा नंबर लागला, कॉलेज संपता संपता आमचा. ज्या शहराची ओळखच सायकलींचं शहर अशी होती, तिथे नव्वदीनंतर सायकलवर माणूस दिसला की तो एकतर दूधवाला नाहीतर पेपरवाला असं आपण धरून चाललो. मीही भोसरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं मिलिंग आणि ग्राइंडिंग करत स्कूटरवरून ये-जा केली.

२०१४ साली आपलं पहिलं मोठं स्नेहसंमेलन झालं, त्यानंतर व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. ग्रुपमध्ये सुविचार सोडून दुसरं काहीतरी करावं म्हणून आम्ही पाच-सहा जणांनी रविवारी सायकल काढायला सुरुवात केली. आधी खडकवासला, मग सिंहगडाचा पायथा, मग दिवे घाट, बोपदेव घाट. पन्नाशीतल्या पोटांना बरं वाटू लागलं. तीही आली. दुकानात मिळणारी सगळ्यात लहान गिअरची सायकल तिने घेतली होती. पण हँडल लांब पडायचं, वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला घासायचा. तासाभरात मान आणि मनगटं धरायची. तीनदा ती खडकवासल्याहून टेम्पोत सायकल टाकून परत गेली. चौथ्या रविवारी आली नाही. फोन केला तर म्हणाली, "अरे, माझ्यासाठी सायकल बनवतच नाहीत. शाळेतही बनवत नव्हते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या नकाशाप्रमाणे धातू कापला, शंभरावा भाग मिलिमीटर इकडेतिकडे होऊ दिला नाही. चार नळ्या आणि दोन त्रिकोण मला जमू नयेत?

वाचायला लागलो तेव्हा कळलं की आपल्या मापाची फ्रेम घरी बनवणारी माणसं जगभर आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिना टेरी या मेकॅनिकल इंजिनिअर बाईंनी घराच्या तळघरात फ्रेमा बनवता बनवता १९८५ साली खास बायकांच्या सायकलींची कंपनी काढली. त्यांनी लहान फ्रेमला पुढचं चाकच लहान लावलं, म्हणजे हँडल जवळ येतं आणि चवडाही घासत नाही. साधी गोष्ट, पण आधी कोणाला तरी त्रास होतो आहे हे मान्य करावं लागतं.

फ्रेम बनवणं थोडक्यात सांगतो. चांगल्या फ्रेमची नळी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते, कारण ताण सांध्यापाशी येतो. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने १८९७मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं. मधल्या भागात भिंत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची, म्हणूनच फ्रेम दोन किलोच्या आसपास बसते. आधी माणूस मोजायचा: पाय, धड, हात. मग कागदावर पूर्ण आकाराचा नकाशा. मग प्रत्येक नळीचं तोंड अर्धगोल कानशीने असं कोरायचं की दुसऱ्या नळीला टेकल्यावर मधून उजेड दिसू नये. नळ्या लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या पोकळ तुकड्यांत, बसवायच्या, टाकणखाराच्या जातीचा फ्लक्स लावायचा आणि गॅसच्या ज्योतीवर पितळेची झाळ द्यायची. पितळ सुमारे नऊशे अंशांना वितळतं. आपली परीक्षा तिथे.

कोरण्यात मी पहिल्या दिवसापासून पास झालो. आगीत नापास झालो, आणि ते मला कळलंही नाही.

पहिली फ्रेम २०१९मध्ये माझ्यासाठी बनवली. दिसायला देखणी. ग्रुपवर फोटोला टाळ्यांचा पाऊस पडला. लगेच तिचीही करायला घेतली. सव्वीस इंची चाकं, आडवी नळी मागे उतरती, हँडल जवळ. रंगसुद्धा दिला, शाळेच्या रिबिनीचा निळा. जानेवारी २०२०मध्ये बोपदेव घाट उतरताना माझ्या फ्रेममधून बारीक करकर ऐकू आली. थांबून पाहिलं तर हँडलच्या खालच्या सांध्यापाशी, लगच्या कडेला लागून, नळीला केसासारखी चीर गेलेली. आणखी दोन वळणं उतरलो असतो तर हा लेख दुसऱ्या कोणी लिहिला असता.

सायकल ढकलत खाली आलो. घरी निळी फ्रेम भिंतीला टांगलेली होती. त्याच हाताने, त्याच आगीवर बनवलेली. पुढच्या रविवारी ती न्यायला येणार होती. आली तेव्हा मी तिला चीर दाखवली आणि तिच्यासमोर हॅक्सॉ घेऊन तिची फ्रेम सांध्यांपाशी उभी कापली. सहा महिन्यांचं काम पाऊण तासात संपलं. आत पाहिलं तर पितळ नुसतं कडेला होतं, आतला भाग काळा कोरडा. बाहेरून सोन्यासारखी रेघ आणि आत काही नाही. मी मान खाली घालून बसलो होतो. ती तुकडा हातात फिरवत म्हणाली, "बरं झालं कापलीस. आता शिकून बनव."

शिकायचं कोणाकडे? तेवढ्यात लॉकडाऊन लागला. २०२१मध्ये एकदा शाळेजवळच्या गल्लीतून जाताना आपले मिस्त्रीकाका दिसले. तेच, ज्यांच्याकडून आपण तासावर सायकल घ्यायचो आणि जे चाकाचा आऊट नुसत्या कानाने काढायचे. दुकानात आता त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो, काका बाजूच्या खुर्चीवर बसलेले असतात. ऐंशी ओलांडलेली. मला आठवलं, मोडलेले चिमटे आणि फ्रेमा ते मागच्या बोळात झाळून द्यायचे. मी कापलेले तुकडे पिशवीतून नेऊन दाखवले.

त्यांनी चष्मा वर केला, एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "काडी तापवलीस, लोखंड नाही."

मग मला रिक्षात घालून घेऊन चला म्हणाले. माझ्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून त्यांनी मला तीन दुपारी शिकवलं. माझी ज्योत टोकदार आणि रागीट होती, ती त्यांनी मऊ आणि मोठी करायला लावली. आधी जाड भाग तापव, पातळ नळी आपोआप तापते. काडी ज्योतीत धरू नकोस, तापलेल्या लोखंडाला टेकव. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पितळ आगीच्या मागे जातं. वरून काडी लाव आणि ज्योत खाली ने, पितळ सांध्याच्या आतून तिच्या मागे उतरतं. त्यांच्यासमोर मी सांधे झाळायचो, कापायचो, दाखवायचो. अकराव्या तुकड्यात पितळ आरपार दिसलं. ते म्हणाले, "हं." आयुष्यात मला मिळालेलं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र ते.

इतिहासाच्या पुस्तकात स्टार्ली आहे, रेनॉल्ड्स आहे. पण चार आण्यांत फ्रेम झाळून देणारा माणूस कोणत्या पुस्तकात नाही. त्यांनी सायकल शोधून काढली नाही, हे खरं. मापाची नसलेली, जुनी, वाकलेली सायकल माणसाच्या उपयोगी ठेवण्याचं काम मात्र त्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी साठ वर्षं केलं. त्यांच्या हातातलं ज्ञान मोबाइलच्या कव्हरांमागे बसून होतं. मी त्या गल्लीतून गेलो नसतो, तर ते तिथेच राहिलं असतं.

तिची दुसरी फ्रेम २०२२च्या पावसाळ्यात पूर्ण झाली. या वेळी रंग देण्याआधी मी महिनाभर माझं वजन आणि वर वीस किलोचं पोतं घालून ती चालवली, गुडघे हनुवटीला लागत असताना. सोसायटीत करमणूक झाली.

त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही चौघे २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला उतरलो. ही शर्यत नसते. फ्रान्समध्ये १८९१ साली सुरू झालेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या परंपरेतली ही चाल. नंबर नाही, फक्त वेळेत पोचायचं, आणि २०० किलोमीटरला साडेतेरा तास. दिवा नसेल तर इथेही सोडत नाहीत, तेव्हा शाळेची आठवण आलीच. पहाटे निघालो, कात्रज चढलो, खंबाटकी चढताना मी तिच्या बराच मागे पडलो. संध्याकाळी तिचा वेळ बारा तास पन्नास मिनिटं भरला. माझा सांगत नाही, पण कार्डावर शिक्का बसला.

परत येताना शहरातल्या पहिल्या मोठ्या सिग्नलला दिवा लाल झाला. माझी नजर सवयीने फुटपाथचा दगड शोधू लागली. ती सीटवरून पुढे सरकली, नळीच्या दोन बाजूंना दोन पाय जमिनीवर टेकले आणि नुसती उभी राहिली. मग पाण्याची बाटली काढून प्यायली. सिग्नल नव्वद सेकंदांचा होता.

मिस्त्रीकाकांना फोटो दाखवला. त्यांनी सायकलवरच्या माणसाकडे न बघता आधी सांधे मोठे करून पाहिले.

आतापर्यंत सात फ्रेमा झाल्या, सगळ्या आपल्याच तुकडीतल्या माणसांच्या. पैसे घेत नाही, नळ्यांचा खर्च ज्याचा त्याने द्यायचा. ज्याला गुडघ्याचा, मानेचा, उंचीचा, लाजेचा त्रास असेल त्याने स्नेहसंमेलनाच्या दिवशी मला गाठावं. मोजपट्टी घेऊन मी सकाळी नऊपासून जुन्या सायकल स्टँडच्या जागी उभा असेन. तिथे आता कारचं पार्किंग आहे, पण एक खांब अजून तसाच आहे.