टारफुला आणि केएआय-२ ग्राहक जनुककुल

वनस्पतींतील एक जनुककुल. ग्राहक म्हणजे ठरावीक रेणू पकडून त्याची खबर पेशीतील यंत्रणेपर्यंत पोचवणारे प्रथिन. या कुलातील केएआय-२ ही शाखा अतिप्राचीन असून, जनुकाची जादा प्रत तयार होण्याच्या म्हणजे द्विगुणनाच्या घटनेतून तिच्यापासून डी-१४ ही शाखा बीजधारी वनस्पतींच्या पूर्वजांत फुटली असावी. केएआय-२ जळक्या झाडपाल्याच्या धुरातील कॅरिकिने ओळखते, तर डी-१४ स्ट्रायगोलॅक्टोन हे फांद्या फुटण्यावर नियंत्रण ठेवणारे संप्रेरक ओळखते. दोन्हींच्या रेणू पकडणाऱ्या पोकळीत सेरीन, हिस्टिडीन आणि ॲस्पार्टिक आम्ल हे रेणूचे विघटन करणारे त्रिकूट टिकून आहे. मात्र संकेत पोचण्यासाठी रेणूचे विघटन व्हावेच लागते की नाही, याविषयी मतभेद आहेत.

परजीवी शाखा : ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला (स्ट्रायगा) हे या कुलाच्या उत्क्रांतीचे सर्वांत बोलके उदाहरण होय. जमिनीत स्फुरद कमी पडले की पीक मुळांवाटे स्ट्रायगोलॅक्टोन स्रवून सहजीवी कवकांना बोलावते. हीच हाक टारफुल्याचे धुळीसारखे बारीक बी ऐकते. त्यात अन्नसाठा नाममात्र असल्याने, रुजल्यावर काही दिवसांत यजमानाचे मूळ गाठले नाही तर अंकुर मरतो, आणि म्हणून यजमान अचूक ओळखण्यावरच त्याचे जगणे अवलंबून असते. आफ्रिकेतील स्ट्रायगा हर्माँथिका या जातीत केएआय-२ च्या ११ प्रती असल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. त्यांपैकी काहींची पोकळी रुंदावून त्या कॅरिकिनांऐवजी स्ट्रायगोलॅक्टोन ओळखू लागल्या आहेत, आणि एक प्रत तर पिकोमोलर, म्हणजे लिटरमागे मोलच्या लक्षकोटी अंशाच्या पातळीवरही प्रतिसाद देते. डी-१४ ने फार पूर्वी मिळवलेले हे कौशल्य जुन्याच जनुकाच्या नव्या प्रतींनी स्वतंत्रपणे कमावले, ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

मूळ संकेत : केएआय-२ ज्यासाठी उत्क्रांत झाले, तो वनस्पतीतील स्वतःचा रेणू अद्याप ओळखला गेलेला नाही.

शेतीशी संबंध : स्ट्रायगॉल हा स्ट्रायगोलॅक्टोन गटातील पहिला रेणू १९६६ मध्ये कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळा करण्यात आला, कापसावर मात्र टारफुला वाढत नाही. ज्वारीतील एलजीएस-१ हे जनुक निकामी झाले, की मुळांतून ५-डीऑक्सिस्ट्रायगॉलऐवजी ओरोबँकॉल हे वेगळे स्ट्रायगोलॅक्टोन स्रवू लागते, टारफुल्याचे बी फारसे रुजत नाही आणि पीक वाचते.