डिस्कस पाळायचाय? मासे नंतर आणा, आधी बोअरचं पाणी मोजा

थाळीसारखा गोल, चपटा आणि अंगावर निळ्या-लाल रेषा असलेला डिस्कस मोबाईलवर पाहिला की घरी आणावासा वाटतोच. पण हा काही गप्पी नव्हे. एका डिस्कसच्या किमतीत गप्पींची अख्खी टाकी भरते, आणि घाई केली तर आठवड्यात सगळे मासे उलटे तरंगतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं, पाणी.

डिस्कस मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातला. तिथलं पाणी कोमट, किंचित आम्लधर्मी आणि क्षार जवळपास नसलेलं. आपल्याकडे बोअरचं पाणी म्हणजे बादलीला पांढरा थर! दुकानात मिळणारे बहुतेक मासे टाकीतच पैदास झालेले असल्याने थोडे क्षार सोसतात, पण त्यालाही मर्यादा आहे. टीडीएस मीटर घ्या. आकडा १०० ते २५० आणि पीएच ६ ते ७ च्या आसपास असेल तर उत्तम. बोअरचा टीडीएस ८०० आणि आरओचा ५० असेल, तर एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ मिसळल्यावर साधारण २४० येतो. नुसतं आरओ वापरू नका, त्यात पीएच टिकत नाही. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडर टाकलेली असते. ते पाणी उघड्या टबात हवेचा पंप लावून किमान २४ तास ठेवा. क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच हवी. त्यात २५० लिटर पाणी मावतं, म्हणजे पाण्याचंच वजन अडीच क्विंटल. जुन्या टेबलावर ठेवण्याचा विचारही करू नका. फिल्टर सुरू केल्यावर लगेच मासे सोडायचे नाहीत. विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, चालू टाकीतला स्पंज मिळाला तर हा काळ कमी होतो. चाचणी किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मगच खरेदीला निघा.

तापमान २८ ते ३० अंश लागतं. थंडीच्या रात्रींसाठी २०० वॅटचा हीटर लागेल. पाणी बदलताना तो आधी बंद करायचा, नाहीतर काच तडकते. टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढा. आता प्रश्न लोडशेडिंगचा. पाणी भरपूर असल्याने ते हळूहळू थंड होतं, त्यामुळे हीटर दोन तास बंद राहिला तरी चालतं. फिल्टर मात्र बंद पडला की प्राणवायूविना जिवाणू मरू लागतात. म्हणून स्पंज फिल्टरचा छोटा हवेचा पंप इन्व्हर्टरवर टाका, तो जेमतेम काही वॅट खातो. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हाही हाच पंप कामाला येतो.

डिस्कस कळपात राहतो. एकटा-दुकटा ठेवला तर भेदरून कोपऱ्यात बसतो, दोघे-तिघे असले तर दुबळ्याला मार खावा लागतो. सहा घ्या, सगळे एकाच दुकानातून, तीन इंचांच्या आसपासचे. अंग गोल, डोळे अंगाच्या मानाने लहान, कपाळ भरलेलं हवं. अंग काळवंडलेला किंवा पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा मासा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. दुकानदाराला समोर खाऊ घालायला सांगा. खात नसेल तर रिकाम्या हाताने परत या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. आणि गोल्डफिश सोबत नको, त्याला गार पाणी लागतं.

लहान माशांना दिवसातून तीनदा थोडं थोडं खाणं द्या, उरलेलं काढून टाका. आठवड्यातून दोनदा ७५-७५ लिटर पाणी बदला. वरच्या हिशोबाने दर खेपेला २० लिटरचे तीन आरओ जार लागतील. हा खर्च जमणार असेल तरच पुढे जा, कारण इथेच बहुतेकांची हौस फिटते.

पिल्लांचं नंतर बघू. सुरुवातीचे काही दिवस ती आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन जगतात आणि क्षारांच्या पाण्यात अंडी सहसा फुटतच नाहीत.